सेवा कोणाची, सुख कोणाचे?

शेवगाव तालुक्यातल्या एका गावात सप्ताह चालू असताना आम्ही तीन-चार कार्यकर्ते मुद्दाम कीर्तनाला जाऊन बसलो. आमच्या वस्तीतली दोन मुले रोज तिथे जाऊ लागली होती. दोघांनाही स्पर्धा परीक्षेत दोन-तीनदा अपयश आलेले. परत आल्यावर म्हणायची, अभ्यासात काही राम नाही (शब्द त्यांचेच), खरे टिकणारे सुख भक्तीत आणि सेवेत आहे. मुलांना झापणे सोपे असते. त्यांना तिथे काय मिळते ते आधी बघावे, असे आम्ही ठरवले.

कीर्तन रंगले होते, हे मान्य केले पाहिजे. महाराजांचे म्हणणे थोडक्यात असे: पैसा, पद, नोकरी यांचे सुख आज आहे, उद्या नाही. शाश्वत सुख हवे असेल तर मीपणा सोडा, देवाला शरण जा आणि वाट्याला आलेले काम त्याची सेवा समजून करा. समोर ऊसतोडीहून परतलेली माणसे बसली होती. कितीतरी डोळे ओले झाले. त्या ओल्या डोळ्यांची टिंगल आम्ही करणार नाही. जी बाई वर्षातले पाच-सहा महिने फडावरच्या कोपीत काढते, तिला आठ दिवस टाळ-मृदंगात, चार माणसांत मानाने बसायला मिळाले तर बरे वाटणारच. ते बरे वाटणे खोटे नाही.

आमचे भांडण तिच्या आनंदाशी नाही. आमचे भांडण आहे ते ‘वाट्याला आलेले काम’ या शब्दांशी. वाट्याला आले, म्हणजे कोणीतरी वाटले. कोणी?

शेवगावपासून नेवासे काही फार लांब नाही. तिथे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या गीतेवर ती सांगितली, त्या गीतेच्या अठराव्या अध्यायात ही वाटणी स्वच्छ लिहिलेली आहे. ब्राह्मणाला शम, दम, ज्ञान, क्षत्रियाला शौर्य, वैश्याला शेती, गोरक्षण, व्यापार, आणि शूद्राला परिचर्या, म्हणजेच सेवा. लगेच पुढे आश्वासन येते की आपापल्या कामात रमलेला माणूस सिद्धीला पोचतो. मित्रांनो, हा क्रम नीट बघा. इथे सेवा हा कोणीही अंगी बाणवावा असा सद्गुण नाही, एका वर्णाला नेमून दिलेले काम आहे, आणि मोक्षाचे आमिष त्याच कामाला बांधलेले आहे. मनुस्मृती तर आडपडदाही ठेवत नाही: शूद्राचे काम एकच, वरच्या तिन्ही वर्णांची सेवा, आणि तीही मत्सर न करता. हातपाय राबवून घेतलेच, वर मनाने कुरकुरण्याचीही सोय ठेवली नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जाळला गेला तो हाच ग्रंथ.

ही जुनी पोथी झाली, आता कोण मानतो, असे कोणी म्हणेल. मग १९३६ चे घ्या. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला आणि आई बाळाचे जे करते तेच भंगी समाजासाठी करतो, असे त्याचे कौतुक केले. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात या विचारसरणीचा समाचार घेतला. ज्याला ते काम सोडायची मुभाच नाही, त्याच्यापुढे त्या कामाचे गोडवे गाणे ही त्यांच्या लेखी क्रूर थट्टा होती. आणि २००७ चे घ्या. गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांच्या भाषणांचे ‘कर्मयोग’ नावाचे पुस्तक आले. त्यातला युक्तिवाद असा की वाल्मीकी समाज पिढ्यान्‌पिढ्या हे काम केवळ पोटासाठी करत राहिला नसता. साऱ्या समाजाच्या आणि देवांच्या सुखासाठी हे आपले कर्तव्य आहे, असा साक्षात्कार त्यांच्यातल्या कोणाला तरी कधीतरी झाला असावा. सुख कोणाचे, तर समाजाचे आणि देवांचे. साक्षात्कार मात्र मैला उचलणाऱ्याला!

आता आपल्याच जिल्ह्यात या. १ जानेवारी २०१३. शेजारच्या नेवासे तालुक्यातले सोनई. शनिशिंगणापूर तिथून हाकेच्या अंतरावर. मेहतर समाजातल्या तीन तरुण सफाई कामगारांना संडासाची टाकी साफ करायची आहे असे सांगून बोलावले आणि ठार मारले. कारण आंतरजातीय प्रेम. २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. आम्हाला या प्रकरणातली एक गोष्ट अजून टोचते. त्या मुलांना बोलवायला दुसरे कोणतेही निमित्त शोधावे लागले नाही. टाकी साफ करायची आहे म्हटल्यावर ते येणारच, हे मारणाऱ्यांना ठाऊक होते. वाट्याला आलेल्या कामाची ओळख इतकी पक्की असते.

मैला हाताने उचलायला लावण्यावर १९९३ मध्ये कायदा आला, २०१३ मध्ये दुसरा. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, म्हणजे माणसे मरायची थांबली नव्हती.

भक्तीचेही तसेच. चोखोबांइतकी भक्ती आपल्यापैकी कोणाच्याने होणार नाही. त्यांच्याविषयी बाबासाहेबांच्या मनात इतका आदर होता की १९४८ चा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ त्यांनी ज्या तिघांना अर्पण केला, त्यात रविदास आणि नंदनार यांच्यासोबत चोखामेळा आहेत. पण त्या भक्तीने विठ्ठलाचे दार उघडले का? चोखोबा पायरीपाशीच राहिले. त्यांच्या लोकांसाठी ते दार उघडले १९४७ मध्ये, म्हणजे सहाशे वर्षांनी, आणि तेही साने गुरुजींच्या उपोषणाने, चळवळीने आणि कायद्याने.

यावर आम्हाला नेहमी दोन नावे ऐकवली जातात. पहिले एकनाथांचे. पैठण तर आपल्या तालुक्याला लागूनच आणि नाथांची पालखी आपल्याच तालुक्यातून पंढरपूरला जाते. महाराच्या घरी जेवलेल्या नाथांची कथा आम्हालाही आवडते. पण ती कथा म्हणून चारशे वर्षे सांगावी लागते, यातच तिचे दुखणे आहे. देवापुढे सगळे सारखे, हे संतांनी सांगितले. माणसापुढे माणूस सारखा, यासाठी चातुर्वर्ण्यावर त्यांनी घाव घातला नाही, हा बाबासाहेबांचा आक्षेप अजून कोणी खोडलेला नाही.

दुसरे नाव गाडगेबाबांचे, आणि इथे आम्ही हात जोडतो. बाबांच्या हातातला खराटा जातीने दिलेला नव्हता, तो त्यांनी स्वतः उचलला होता. उद्या खाली ठेवला असता तर कोणी त्यांच्या झोपडीला आग लावणार नव्हते. कीर्तनात ते कर्ज काढू नका, बकरे कापू नका, मुलांना शिकवा असे सांगत, पायाला हात लावू देत नसत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. सेवा म्हणायचीच असेल तर याला म्हणा.

आणि तथागतांचे काय? अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत लोळत असलेला एक भिक्खू बुद्धांना दिसला. त्यांनी कोणा सफाई कामगाराला बोलावणे धाडले नाही. स्वतः पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी मिळून उचलून निजवले आणि मग बाकीच्या भिक्खूंना खडसावले. सुनीत मात्र जातीनेच झाडूवाला होता. त्याला बुद्धांनी झाडण्यातच निर्वाण आहे असे सांगितले नाही. सुनीताने खांद्यावरची कावड खाली ठेवली आणि बुद्धांनी त्याला संघात घेतले. पुढे त्याच्यापुढे देव वाकले.

काल्याच्या कीर्तनानंतर महाप्रसाद झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्या दोन्ही मुलांना मांडवात घेऊन गेलो. उष्ट्या पत्रावळ्यांचा ढीग कंत्राटी सफाईवाल्या बाया उचलत होत्या, हातमोज्यांशिवाय. सेवेबद्दल त्यांनी काही विचारले नाही. एकीने एवढेच विचारले की ठेकेदाराने तीन महिन्यांचा पगार थकवलाय, अर्ज कोणाकडे द्यायचा असतो. आमच्यातल्या एका पोराने तिथेच वहीचे पान फाडून अर्ज लिहिला. कामगार कायद्याचे कलम त्याला तोंडपाठ होते. परीक्षेसाठीच पाठ केले होते.

तो आता पुन्हा अभ्यासिकेत येतो. दुसरा अजून कीर्तनाला जातो आणि आमचे त्याच्याशी अजून वाद होतात. मागच्या आठवड्यात त्याने आम्हाला विचारले, सुनीताला धम्मात सुख मिळाले का, की फक्त काम सुटले? आम्ही घाईने काहीतरी बोललो. मग घरी येऊन थेरगाथा काढली आणि वाचायला बसलो.