माप कुणाच्या हाती?

म्हातारीची नाडी एकदाच पाहून जन्मभराचे औषध लिहून देणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणू? भोंदूच म्हणू. पण आमच्या भिवंडीत इमारतींची वैद्यकी नेमकी अशीच चालते, आणि तिला आपण ‘तपासणी’ म्हणतो!

इमारतीला तीस वर्षे झाली की तिची तपासणी करवून घ्यावी, असे महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६५अ सांगते. कलम चांगले आहे. पण घडते काय? कोणी एक गृहस्थ येतो, दोन खांब ठोकून पाहतो, दाखला देतो. दाखला फायलीत जाऊन निजतो नि माणसे स्लॅबखाली निजतात. खाली यंत्रमाग खडखडत असतात, गोदामात माल चढत असतो, दर पावसाळ्यात पाणी मुरत असते. आत गज गंजून फुगतो नि काँक्रीट फोडतो. दाखल्यावरची तारीख मात्र तीच!

आता नवी विद्या आली आहे. तिवईवरचे लेसर यंत्र गरगर फिरून इमारतीवरचे लक्षावधी बिंदू टिपते. त्यांतून संगणकात तिचे जुळे भावंड उभे राहते. त्याला ‘डिजिटल ट्विन’ म्हणतात. सहा महिन्यांनी पुन्हा टिपावे, दोन्ही चित्रे एकावर एक ठेवावी, की स्लॅब चार मिलिमीटर खचला तरी चोरी उघडी पडते. गजाचा गंज लेसरला दिसत नाही, हे खरे. त्याला वेगळ्या चाचण्या लागतात. पण त्यांचे आकडेही त्याच जुळ्याच्या अंगावर मांडता येतात.

“हे श्रीमंतांचे चोचले,” असे काही शहाणे म्हणतील. त्यांना मी विचारतो, २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली, झोपेतली चाळीसच्या आसपास माणसे गेली, ते स्वस्त पडले काय? २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्यात खाली गोदाम नि वर बिऱ्हाडे असलेली इमारत बसली, ते स्वस्त पडले काय?

मात्र यंत्राचीच आरती ओवाळणाऱ्यांनीही फार हुरळू नये. १४ मार्च २०१९ ला मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल पडला. त्याची तपासणी आधी झाली होती. किरकोळ डागडुजी पुरे, असा अहवालही होता! कागद पुलाखालच्या माणसाला वाचवीत नाही. तोच कागद संगणकात घातला म्हणून तरी कसा वाचवील?

म्हणून माझे म्हणणे एकच आहे. माप साहेबाच्या टेबलावर नको, जिन्याच्या दारावर हवे. गेल्या वेळी किती, या वेळी किती, धोक्याची रेघ कुठे, हे मराठीत नि उर्दूत लिहून लावा. मोजणीचा खर्च पालिकेने नि मालकाने सोसावा. आणि ‘घर खाली करा’ या नोटिशीवर दुसऱ्या निवाऱ्याचा पत्ताही छापा. नाहीतर रोजंदारीचा कामगार भेग पाहूनही तिथेच निजतो. तो अडाणी असतो म्हणून नव्हे; त्याला जायला जागा नसते म्हणून!

वाचकहो, आपल्या इमारतीची तपासणी शेवटची कधी झाली, एवढे या सुटीत विचारून पाहा. उत्तर द्यायला किती जण पुढे येतात, तेही मोजा.