निरभ्र दिवस आणि नवें हिम

हिमालयाची यात्रा आपल्याकडे पूर्वीं उतारवयांत होत असे. हल्लीं विशीपंचविशींतले मुलगे-मुली भर हिवाळ्यांत पाठीवर बोजा बांधून हिमांतून चालावयास जातात. हौस चांगलीच आहे. पण निघतेवेळीं घरचीं माणसें लोकरीचे कपडे, औषधें आणि आलेपाक यांची चौकशी करतात, आणि ज्या संकटापुढें लोकरीचा कांहीं उपयोग नाहीं त्याविषयीं एक शब्दहि विचारीत नाहींत. तें संकट म्हणजे हिमस्खलन.

संस्कृतांत हिमाच्या मोठ्या राशीला हिमानी असा स्वतंत्र शब्द आहे. ही रास दिसावयास एकजीव, पण असते थराथरांची. धोका किती आहे हें आजच्या आकाशावरून कळत नाहीं. ते थर कसकसे पडत गेले यावरून कळतें.

इ. स. १९२२ मधील एव्हरेस्टची मोहीम घ्या. जूनच्या आरंभीं तेथें पुष्कळ हिम पडलें. मग आकाश निवळलें, ऊन पडलें, आणि ७ जून रोजीं जॉर्ज मॅलरी, हॉवर्ड सॉमरव्हेल व कॉलिन क्रॉफर्ड हे १४ हमालांसह नॉर्थ कोल या खिंडीकडे निघाले. हीं कांहीं नवशिकीं माणसें नव्हेत. मधल्या उन्हानें नवें हिम बसलें असेल असा त्यांचा अंदाज होता. वाटेंतील एका चढावर त्यांनीं चर पाडून परीक्षाहि केली होती. तेथें तें हललें नाहीं. दुपारीं दोनच्या सुमारास, खिंड थोडीच वर राहिली असतां, अकस्मात् स्फोटासारखा आवाज झाला आणि सबंध उतार सरकला. पुढचे लोक वांचले. मागचे नऊ हमाल कड्यावरून खालीं फेंकले गेले. दोघांना जिवंत काढतां आलें, सात दगावले. मॅलरीचें नांव आज सर्वांच्या तोंडीं आहे. त्या सातांचीं नांवें शोधावीं लागतात. बरोबर शंभर वर्षांनीं, ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं, गढवालांतील द्रौपदी का डांडा या शिखरावर गिर्यारोहण शिकणारीं व शिकविणारीं २९ माणसें हिमस्खलनांतच गेलीं.

सबंध उतार एकदम कसा सरकतो? दुबळा थर अनेक तऱ्हांनीं बनतो. त्यांतील एक तऱ्हा सांगतों. निरभ्र रात्रीं हिमाचा पृष्ठभाग अतिशय गार होतो, जमिनीलगतचें हिम त्यामानानें उबदार राहतें. आंतील बाष्प वर चढूं लागतें, आणि कण एकमेकांस धरून न राहतां जाड्या साखरेसारखे सुटे होतात. त्यावर नवें हिम पडतें व वारा तें दाबून त्याची फरशी बनवितो. पाटाखालीं मोहरी सांडली असावी आणि पाट तिरपा करावा, तशी ती अवस्था! ही फरशी कित्येक दिवस जागेवर राहते. मग एका पावलानें खालचा थर चिरडला कीं तडा क्षणार्धांत दूरवर धांवतो. म्हणूनच प्राणघातक अपघातांत हिम सहसा आपोआप कोसळलेलें नसतें. तें कोसळविणारा बहुधा त्याच मंडळींपैकीं कोणी असतो. शिवाय दुबळा थर सगळीकडे सारखा नसतो, तेव्हां एका जागीं पाडलेला चर शंभर पावलांपलीकडची ग्वाही देत नाहीं.

बहुतेक अशीं स्खलनें ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. कंपासपेटींतील गुण्याचा लहान कोन आठवा. तो कांहीं भयंकर दिसत नाहीं. अशा उताराच्या पायथ्याशीं सपाटीवर चालणाराहि सुरक्षित नव्हे.

सरकलेलें हिम थांबतांच इतकें घट्ट बसतें कीं पुरलेल्या माणसास बोटहि हलवितां येत नाहीं. पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकीं दहांतले नऊ वांचतात. अर्ध्या तासानें दहांतले तीनच. खालच्या गांवांतून मदत येईपर्यंत ही वेळ टळून गेलेली असते. सोडविणार ते बरोबरचेच, आणि त्याकरितां प्रत्येकाजवळ खूण पाठविणारें व शोधणारें लहान यंत्र, हिमांत खुपसण्याची लांब सळई आणि फावडें हीं तिन्ही हवींत. नेणाऱ्या मंडळींस पैसे भरण्यापूर्वीं हें विचारावें. त्या भागाचा हिमस्खलनाचा रोजचा अंदाज कोण पाहणार, हेंहि विचारावें.

या अंदाजांत धोक्याच्या पांच पायऱ्या असतात. पांचांपैकीं तीन म्हणजे शाळेंतल्यासारखें मध्यम, असें मात्र समजूं नये. स्वित्झर्लंडमध्यें सर्वांत अधिक माणसें तिसऱ्या पायरीच्या दिवशींच मेलेलीं आहेत. चौथीच्या दिवशीं लोक घरींच बसतात.