यंत्राचा डोळा आणि माणसाचा हात

जेथें एक रूळ दुसऱ्यास छेदतो, तेथें चाकाला वाट देण्याकरितां मध्यें फट ठेवावी लागते. ती ओलांडतांना चाक पुढील पोलादी टोंकावर आदळतें. म्हणून ही जागा लवकर झिजते. १२ जुलै २०१३ रोजीं फ्रान्समधील ब्रेतिन्यी स्थानकांत अशाच छेदांतील जोडपट्टी निखळून गाडी घसरली. ७ माणसें दगावलीं. आतां धांवत्या गाडीवरील कॅमेरे व धक्का मोजणारीं यंत्रें ही झीज टिपूं शकतात. त्यांचें आम्ही स्वागत करितों. परंतु तेवढ्यावरून रुळांवर पायीं फिरणारे तपासनीस कमी करावे, हें मत आम्हांस मान्य नाहीं. यंत्र दोष दाखवील. सैल बोल्ट आवळावयास माणूसच हवा. प्रगतिपुस्तक नुसतें वाचून ठेविल्यानें मूल सुधारत नाहीं, हें पालक जाणतातच.