स्लॅबवरचा इंचभर थर

ऊर्जा दक्षता ब्यूरोने निवासी इमारतींसाठी २०१८ साली जी इको निवास संहिता जारी केली, तिच्यात छपरातून आत येणाऱ्या उष्णतेस दर चौरस मीटरला, तापमानातील दर अंश फरकामागे १.२ वॅट अशी कमाल मर्यादा घातली आहे. आणि आपला शिरस्त्याचा सहा इंची स्लॅब नुसताच हिशेबाला घेतला तर हा आकडा तीनच्याही पुढे जातो, ही गोष्ट व्यवसायबंधूंनी आपल्या हातातील अंदाजपत्रकांशी एकवार ताडून पाहावी.

मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य आपल्याकडे जवळजवळ माथ्यावर असतो. दक्षिणेच्या भिंतीस तो फारसा शिवत नाही, आणि दिवसभराचा सारा मारा सोसणारी गच्ची रात्री तोच ऐवज वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या हवाली करते. मराठवाडा-सोलापूरकडील माळवदाने मातीच्या जाड थरावर हे संकट झेलले होते. काँक्रीट आले, माती गेली, आणि तिच्या जागी काही घालावयाची तजवीज मात्र राहून गेली.

एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीनचा इंचभर थर संहितेची ती मर्यादा पाळण्यास पुरतो, दोन इंचांत तिच्या निम्म्यापर्यंत उतरता येते. तथापि तो स्लॅबच्या वर, जलरोधनावर पडला पाहिजे. खालून चिकटविल्यास स्लॅब तापतच राहतो आणि रोजच्या प्रसरण-आकुंचनाने अखेर भेगाळतो. तक्ते घट्ट भिडलेले असावेत, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु पॅरापेटच्या पायथ्याशी आणि टाकीच्या पेडेस्टलभोवती थर तुटतो व उष्णतेस तेथेच चोरवाट मिळते, म्हणून त्या जागेचा छेद मोठ्या मापात काढून दिला नाही, तर गवंडी तेथे कोबा भरून मोकळा होणार, आणि त्याबद्दल त्याला बोल लावणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

एसी बसविणारच आहोत, मग हा जादा खर्च कशाला, असा मालकाचा आक्षेप ठरलेला असतो. त्यास उष्णतावहनाचे शास्त्र समजावीत बसण्यापेक्षा कंत्राटातील ‘जादा काम’ या सदरातून हा थर उचलून मूळ बाबींत, जलरोधनाच्या लगत खाली मांडावा. गळतीच्या धास्तीने जलरोधनाच्या दरावर मालक सहसा घासाघीस करीत नाही, आणि त्याच्या शेजारची ओळ त्या धास्तीच्या आश्रयाने मंजूर होऊन जाते.