विश्लेषण : ड्रोन का कोसळला? उत्तर व्हिडीओत नाही, ‘लॉग’मध्ये!

९ जानेवारी २०२५ पासून राज्याच्या किनाऱ्यावर मत्स्यव्यवसाय विभागाचे ९ ड्रोन अनधिकृत मासेमारीवर नजर ठेवू लागले. त्यातले दोन रत्नागिरी जिल्ह्यातले, मिरकरवाडा आणि साखरीनाटे इथले. लग्नाचं शूटिंग, जमीन मोजणी, फवारणी यांसाठी उडणारे खासगी ड्रोन वेगळेच. इतके ड्रोन उडणार म्हटल्यावर त्यातले काही पडणारही. ड्रोन पडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘उडवत कोण होतं?’ मग ऑपरेटरच्या माथी खापर फुटतं आणि अनेकदा नुकसानही त्याच्याच खिशातून वळतं होतं. प्रत्यक्षात चूक कुणाची, हे ड्रोननेच लिहून ठेवलेलं असतं.

लॉग म्हणजे नेमकं काय?

ड्रोनचा मेंदू म्हणजे ‘फ्लाइट कंट्रोलर’. उड्डाण सुरू असताना तो सेकंदाला अनेक वेळा नोंदी करत राहतो. ड्रोन किती कलला, उंची किती, बॅटरीचा व्होल्टेज किती, किती उपग्रह दिसत होते, प्रत्येक मोटरला काय हुकूम गेला आणि रिमोटच्या दांड्या कुठे होत्या, हे सगळं त्यात असतं. ‘अर्डूपायलट’ या खुल्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ड्रोनचा लॉग मेमरी कार्डवरून काढून मोफत साधनांत पाहता येतो. अनेक तयार ड्रोनमध्ये मात्र सविस्तर लॉग कुलूपबंद असतो आणि तो कंपनीच उघडू शकते. ड्रोन विकत घेताना कॅमेऱ्याची चौकशी सगळे करतात, याची फारसं कुणी करत नाही.

पहिली नजर कुठे टाकायची?

दोन रेषांवर. एक, कंट्रोलरने किती कल मागितला. दुसरी, ड्रोन खरोखर किती कलला. सगळं ठीक असताना या दोन रेषा बैलजोडीसारख्या बरोबर चालतात. अचानक त्यांची फारकत झाली, तर बिघाड बहुतेक वेळा यांत्रिक असतो.

कोणत्या कोपऱ्यात, ते मोटरचे हुकूम सांगतात. हे हुकूम साधारण १००० ते २००० या आकड्यांत नोंदले जातात. चार पंखांच्या ड्रोनचा एक पंख तुटला की तो कोपरा खाली जातो. तो सावरण्यासाठी कंट्रोलर त्याच मोटरला २००० च्या जवळ नेतो आणि तिरक्या समोरच्या मोटरचा जोर कमी करतो. म्हणजे सर्वाधिक हुकूम मिळालेली मोटर हीच संशयित. मोटर, तिचा पंखा किंवा तिला वीज पुरवणारं सर्किट, यापैकी काहीतरी गेलेलं असतं. अशा वेळी ऑपरेटरने रिमोटवर काहीही केलं असतं, तरी फारसा फरक पडला नसता.

ऑपरेटर कधी दोषी?

जेव्हा त्या दोन रेषा आदळण्याच्या क्षणापर्यंत जुळलेल्या असतात. ड्रोन ठणठणीत होता, सांगितलं तसंच वागत होता, सांगणंच चुकलं होतं. कोकणातला सहज घडू शकणारा प्रसंग पाहा. सिग्नल तुटला की ड्रोन आपोआप घरी परततो. अर्डूपायलटमध्ये या परतीची मूळ ठरलेली उंची १५ मीटर आहे. किनाऱ्यावरचे माड सहज २० मीटरच्या वर जातात. ही सेटिंग न बदलता माडांच्या पलीकडे खालून उडणारा ड्रोन परत फिरला, तर तो झावळ्यांत शिरणारच. लॉगमध्ये बिघाड काहीच दिसणार नाही, फक्त तो १५ चा आकडा दिसेल.

उलटही घडतं. ड्रोन आपोआप वर वर जाऊ लागतो आणि बघणारे म्हणतात, ‘यानेच दांडी ओढली.’ लॉगमध्ये दांडी मध्यावर असते आणि कंपनाचा आलेख उसळलेला असतो. कंपन ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आत असेल तर चिंता नसते. ते ६० च्या वर गेलं की उंचीचा अंदाज चुकू लागतो. कारण कधी कधी फक्त एक वाकडा पंखा असतो.

लॉग मध्येच संपला तर?

तोही पुरावाच. उंची ४० मीटर असताना नोंदी अचानक थांबल्या, तर कंट्रोलरची वीजच गेली, असा अर्थ बहुधा निघतो. अशा वेळी आधी कनेक्टर तपासावेत. खाऱ्या हवेत त्यांच्यावर गंज चढतो, ते बाहेरून दिसत नाही.

लॉग वाचताना सगळ्यात मोठी फसगत शेवटच्या सेकंदांत होते. पंखा तुटल्यावर कंपन वाढतं, ड्रोन उलटा झाला की उपग्रह सुटतात, मोटरने जास्त वीज ओढली की व्होल्टेज पडतो. शेवटी सगळंच बिघडलेलं दिसतं, आणि मग ज्याला जे हवं ते कारण तो उचलतो. शोधायचं असतं ते सर्वात आधी काय बिघडलं. अर्ध्या सेकंदाचा फरकही इथे निकाल फिरवतो.

समुद्रात बुडाला तर?

ड्रोनबरोबर मेमरी कार्डही जातं. उरतात त्या उड्डाणादरम्यान वायरलेसने लॅपटॉप किंवा मोबाइलवर आलेल्या नोंदी. त्या विरळ असतात, पण व्होल्टेज, उंची, ठिकाण आणि इशारे त्यात मिळतात. १८ सप्टेंबर २०२४ रोजी नौदलाचा ‘एमक्यू-९बी’ ड्रोन तांत्रिक बिघाडामुळे चेन्नईजवळ समुद्रात नियंत्रितपणे उतरवावा लागला. जमिनीवर बसलेल्या चालकाला हवेतला बिघाड कळतो, तो अशाच नोंदींवरून.

ड्रोन नियम २०२१ नुसार अपघाताची माहिती ४८ तासांत ‘डिजिटल स्काय’वर द्यावी लागते. त्याआधी करायचं काम साधं आहे : बॅटरी काढा, ‘चालू होतो का’ हे पाहण्यासाठी पुन्हा सुरू करू नका, कार्डची प्रत घ्या, मोबाइलमधल्या नोंदीही जपून ठेवा. दुसऱ्याचा ड्रोन उडवणाऱ्यांनी तर ही प्रत स्वतःकडेही ठेवावी आणि लॉग कुणाच्या ताब्यात राहणार, हे कामाच्या करारातच आधी लिहून घ्यावं.