केसी जास्त म्हणून टोळी होत नाही



मोर्चा निघाला, प्लॉटवर नांगर घातला, की कुणी ना कुणी साहेब दम देतो, "टोळी करता काय? मोक्का लावीन." माणसं घाबरतात, दावा सोडून घरी बसतात. म्हणून हा कायदा काय मागतो ते सर्वांनी समजून घेतलं पाहिजे.

मोक्का 1999 सालचा, खंडणी-सुपारीवाल्या टोळ्यांसाठी आणलेला. पोलीस उपमहानिरीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी असल्याशिवाय तो लागत नाही. गार्डच्या किंवा हवालदाराच्या हातातली ती गोष्ट नव्हे. पण 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 111 आलं. त्यात तशी मंजुरी लागत नाही, आणि गुन्ह्यांच्या यादीत 'जमीन बळकावणे' हे शब्द आहेत. आम्हाला धोका इथे दिसतो.

तरी यादीत शब्द आहे म्हणून गुन्हा शाबीत होत नाही. दोन किंवा जास्त माणसांची टोळी आहे आणि आरोपी तिचा आहे, हे दाखवावं लागतं. मागच्या दहा वर्षांत टोळीच्या कामाबद्दल एकापेक्षा जास्त चार्जशीट दाखल होऊन कोर्टाने दखल घेतलेली पाहिजे, तीही तीन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात. शिवाय मारहाण, धमकी, जबरदस्ती किंवा दुसऱ्या बेकायदा मार्गाने फायदा उकळला, हेही दाखवावं लागतं.

महाराष्ट्र सरकार विरुद्ध शिवाजी सोनवणे या खटल्यात हाच प्रश्न होता. आरोपींना मोक्काखाली झालेली शिक्षा उच्च न्यायालयाने अपिलात रद्द केली. सरकार वर गेलं. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील फेटाळलं. जुन्या चार्जशीट ही फक्त एक अट आहे. कायदा आल्यानंतर आरोपीने संघटित गुन्हा केला, हेही सरकारने सिद्ध केलं पाहिजे, असं कोर्टाने सांगितलं. म्हणजे कागदाचा ढीग हा पुरावा नव्हे.

आता आपलं बघा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपण जमीन कसतो. ग्रामसभेत दावा ठेवतो, मोजणी मागतो. वनहक्क कायद्याचं कलम 4(5) सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. पोटापुरती नागली-वरई पिकवणारा माणूस जमीन बळकावणारा कसा?

काही साथी म्हणतात, मग लाकूडचोरांना तरी मोक्का लावा. उंबरठाणच्या पुढे गुजरातची हद्द, खैर तिकडे जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. टोळी जरूर धरा. पण कुऱ्हाड चालवणाऱ्या रोजंदारीच्या पोरावर चार केसी टाकायच्या आणि माल घेणारा व्यापारी मोकळा सोडायचा, याला टोळी धरणं म्हणत नाहीत. पैसा कुणाच्या घरी गेला ते शोधा.

अपिलात सुटू, असं म्हणून मात्र कुणी गाफील राहू नये. मोक्कात जामीन अवघड आहे. अपिलाचा निकाल लागेस्तोवर वर्षं जातात, तेवढ्यात घर मोडतं. म्हणून सुरुवातीपासून जपावं. मोर्चातल्या जुन्या केसीच उद्या मोजायला काढतील. सरकारी कामात अडथळ्याच्या 353 कलमाला आपल्या राज्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा केली होती, हे विसरू नका.

तेव्हा तारीख चुकवू नका. चार्जशीटची नक्कल घ्या. केस सुटली तर निकालाची नक्कल दाव्याच्या फाईलला लावा. आदिवासीला वकील फुकट मिळतो, तो तालुका विधी सेवा समितीकडे मागा. मोक्काखाली शिक्षा झालीच, तर उच्च न्यायालयात अपिलाला तीसच दिवस असतात.

ज्या गावात अशा केसी आहेत त्यांनी येत्या ग्रामसभेत यादी करावी आणि संघटनेकडे द्यावी. एकट्याने कोर्टाची पायरी चढू नये.