सेवेचे बक्षीस की स्त्रीचा हक्क?

अमित रवींद्रनाथ शर्मा दिग्दर्शित ‘बधाई हो’ हा हिंदी चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. पुढे केंद्र सरकारने निकोप मनोरंजन करणारा त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपट म्हणून त्याचा गौरवही केला. प्रौढ दांपत्याच्या सहजीवनाकडे धीटपणे पाहणारी कलाकृती अशी त्याची ख्याती आजही आहे. सरकार आणि तिकीटबारी ज्या धीटपणावर एकदमच प्रसन्न होतात, तो धीटपणा पारखून घेणे पुरोगामी म्हणवणाऱ्यांचे कर्तव्य ठरते.

कथा साधी आहे. रेल्वेत तिकीट तपासनीस असलेले जितेंदर कौशिक दिल्लीतील एका वसाहतीत राहतात. घर बेताचे, त्यात वृद्ध आई, लग्नाच्या वयाचा थोरला मुलगा आणि शाळकरी धाकटा. गृहस्थ कविता करतात, पत्नी प्रियंवदा ती कौतुकाने ऐकते. या वयात तिला दिवस जातात आणि घरावर जणू आभाळ कोसळते. मुले आईबापांशी अबोला धरतात, शेजारी कुजबुजतात, सासू तोंडसुख घेते. प्रियंवदा गर्भपातास नकार देते. अखेरीस सारे निवळते, घरात मुलगी जन्मते, थोरल्याचाही साखरपुडा होतो.

या चित्रपटाचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. ज्या देशात आईला देव्हाऱ्यात बसवले जाते आणि तिचे स्त्रीपण मात्र विसरले जाते, तेथे मध्यमवयीन पती-पत्नींच्या प्रेमाला पडद्यावर प्रतिष्ठा देणे ही लहान गोष्ट नव्हे. नीना गुप्ता आणि गजराज राव यांनी ते प्रेम संयमाने साकारले आहे. सासूच्या भूमिकेसाठी सुरेखा सिक्री यांना मिळालेला राष्ट्रीय पुरस्कारही सर्वथा योग्य होता. म्हणूनच ‘भांडवलदारी करमणूक’ असा शिक्का मारून चित्रपट झटकून टाकणारा कार्यकर्ता जितका चुकतो, तितकाच त्याला स्त्रीमुक्तीचे प्रमाणपत्र बहाल करणाराही चुकतो.

खरा प्रश्न मेरठच्या लग्नातील प्रसंगात आहे. नातलग प्रियंवदेला टोमणे मारू लागतात, तेव्हा आजवर तिला धारेवर धरणारी सासूच तिची बाजू घेते आणि थोरल्या मुला-सुनेला खडसावते. चित्रपटगृहात हमखास टाळी घेणारा हा प्रसंग आहे. परंतु सासूच्या बचावाचा भर कशावर आहे? या सुनेने माझी सेवा केली, आजारपणात माझे केले, तुम्ही केले नाहीत, यावर. म्हणजे प्रियंवदा निर्दोष ठरते ती तिचे शरीर तिचे स्वतःचे आहे म्हणून नव्हे; वर्षानुवर्षे घरात राबली म्हणून. मग प्रश्न उरतो तो असा: जी सून सासूची सेवा करीत नाही, जिने मोलकरणीसारखे राबण्यास नकार दिला आहे, तिने या वयात पतीवर प्रेम केले असते तर तिचा निवाडा काय झाला असता? हक्क हा सेवेच्या मोबदल्यात मिळत असेल तर त्याला हक्क म्हणत नाहीत, बक्षीस म्हणतात. आणि बक्षीस देणाऱ्याला ते काढून घेण्याचीही मुभा असते.

ही सेवा म्हणजे नेमके काय, याचे उत्तर सरकारी आकडेच देतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात. घरकाम करणारे पुरुष मुळातच थोडे, आणि तेही केवळ ९७ मिनिटे देतात. जवळजवळ पाच तासांची ही बिनमोल मजुरी चित्रपट ‘संस्कार’ म्हणून गौरवतो. गिरणीतल्या मजुराच्या पाठीवर मालकाने शाबासकीची थाप मारली आणि पगाराचा विषयच काढला नाही, तर त्या थापेला कोणी क्रांती म्हणेल काय?

गर्भनिरोधाच्या जबाबदारीचेही तेच. पुरुषाने यात काय करायचे असते, हा प्रश्न कथेच्या केंद्रापाशी कधी पोचतच नाही. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली आढळली. पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. आणीबाणीत, १९७६-७७ साली, पुरुषांवर नसबंदीची अमानुष सक्ती झाली. त्या सक्तीविरुद्ध उठलेला संताप रास्तच होता. परंतु त्यानंतर सारा भार मुकाट्याने बायकांच्या अंगावर ढकलला गेला, याची खंत पुरुषप्रधान राजकारणाला, समाजवाद्यांनाही, फारशी वाटली नाही.

लैंगिक जीवनाभोवतीच्या लाजेशी झुंज महाराष्ट्राला तरी नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. या कार्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले त्यांना सोसावे लागले. त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. १९३८ साली मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला, त्यामागचा युक्तिवादही बाबासाहेबांचाच होता. ठराव फेटाळला गेला. परंतु या मंडळींनी स्त्रीच्या वतीने कोणाची दया मागितली नव्हती. मूल हवे की नको हे ठरवण्याचा अधिकार तिचा, एवढेच त्यांचे रोखठोक म्हणणे होते. ऐंशी वर्षांनंतरचा ‘धीट’ चित्रपट त्यांच्या मागे उभा आहे, पुढे नव्हे.

वर्गाचा प्रश्नही असाच गोड करून टाकला आहे. थोरल्या मुलाच्या प्रेयसीची श्रीमंत आई या कुटुंबाची हेटाळणी करते. मुलगा संतापून तिला सुनावतो, आणि शेवटी माफी मागायला त्यालाच जावे लागते. अपमान वरून खाली येतो आणि क्षमायाचना खालून वर जाते. प्रेक्षक मात्र दोन घरांचे मनोमीलन झाले म्हणून डोळे पुसत बाहेर पडतो.

डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान दिले. ते भाषणांत राहून चालणार नाही. गर्भपाताच्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची सही कायदा मागत नाही. तरीही अनेक ठिकाणी ती मागितली जाते. आपल्या गावच्या दवाखान्यात काय चालते, हे कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे. पुरुष नसबंदीविषयी पुरुषांच्याच सभेत बोलावे. आणि सभा संपवून घरी गेल्यावर स्वयंपाकघरातल्या त्या पाच तासांतला आपला वाटा उचलावा. ‘बधाई हो’ जरूर पाहावा, मनमुराद हसावे. मात्र मेरठच्या प्रसंगाला टाळी वाजवण्यापूर्वी आपल्या घरातली प्रियंवदा त्या वेळी कोठे आहे, एवढे तरी पाहावे.